माद्रिदमध्ये एकच रात्र: ला लातिना की मालासान्या?

दोन्ही वस्त्यांची नावं बायकांवरून पडली आहेत. ला लातिना म्हणजे बेआत्रिस गालिंदो, राणी इसाबेलला लॅटिन शिकवणारी विदुषी. मालासान्या म्हणजे मान्वेला मालासान्या, शिवणकाम करणारी पोर. २ मे १८०८ रोजी नेपोलियनच्या फौजेविरुद्ध माद्रिद उठलं, त्यात ती मारली गेली. जवळ कात्री सापडली म्हणून तिला गोळ्या घातल्या, अशी कथा तिथे सांगतात. एक दरबारातली पंडिता, दुसरी बंडातली पोर. रात्री फिरायला कुठे जायचं एवढ्यापुरता विचार केला तरी हा फरक बराचसा खरा उतरतो.

पण वस्ती निवडायच्या आधी घड्याळ समजून घ्या. आमचं पहिल्या खेपेला तिथेच गणित चुकलं. मी, नवरा आणि त्याचा मावसभाऊ साडेसातला आवरून बाहेर पडलो, साडेआठपर्यंत जेवून मोकळे. हॉटेलात आम्ही सोडून कुणी नव्हतं. अकराच्या ठोक्याला एका क्लबच्या दारात. आत दोन बारवाले, एक वायरी जोडणारा डीजे आणि आम्ही तिघं. दीडच्या सुमाराला जांभया देत बाहेर आलो, तर दारात रांग लागायला नुकती सुरुवात झालेली. रांगेतली एक मुलगी आमच्याकडे अशी बघत होती, जणू आम्ही लग्नातून अक्षतांच्या आधीच निघालो होतो.

माद्रिदमध्ये रात्रीचं जेवण नऊ-साडेनऊच्या आत सुरू होत नाही. बार भरतात अकरानंतर आणि बंद होतात दोन-तीनला. क्लबला रंग चढतो दोननंतर, तो पाच-साडेपाचपर्यंत. मेट्रो एरवी रात्री दीडला बंद होते आणि सकाळी सहाला सुरू होते. म्हणजे खरा प्रश्न असा: दीडची मेट्रो पकडायची, की सहाची? दीडची असेल तर ला लातिना. सहाची असेल तर मालासान्या. मधेच निघायचं झालं तर टॅक्सी मिळते, सिबेलेस चौकातून रात्रीच्या बसही सुटतात. त्या बसना तिथे 'बुओ' म्हणतात, म्हणजे घुबड. माझी आजी त्यात पाऊल ठेवती ना.

ला लातिनात जायचं ते खायला. मुख्य रस्ता काव्हा बाखा. 'काव्हा' म्हणजे खंदक. जुन्या तटाबाहेरच्या खंदकाच्या जागी हा रस्ता झाला, म्हणून तो सरळ न जाता वळत जातो. दोन्ही बाजूंना दाराला दार लागून बार. एका ठिकाणी ठाण मांडायचं नाही. एक ग्लास, एक-दोन घास, की उठून पुढच्या दारात. उठून म्हणायचं एवढंच, कारण बहुतेक जण उभेच असतात. काउंटरवर कोपर टेकवायला वीतभर जागा मिळाली, की ती आपली.

बिअर मागायची ती 'कान्या'. लहानसा ग्लास, साधारण दोनशे मिलिलिटरचा, दोन-तीन युरोला. आपल्याला वाटतं, एवढ्याशात काय होणार? पण उन्हाळ्यात मोठा ग्लास अर्ध्यावर येईस्तोवर कोमट होतो, कान्या शेवटच्या घोटापर्यंत थंड राहते. बरोबर न मागता काहीतरी येतं: ऑलिव्ह, बटाट्याच्या काचऱ्या, कधी पावाच्या चकतीवर चीज. तापास म्हणजे काय, हे चार वाक्यांत समजावणाऱ्यांनी 'चकणा' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. फक्त इथे चकणा हाच मुख्य कार्यक्रम असतो. काव्हा बाखावरचं कासा लुसिओ तर बटाट्याच्या तळलेल्या फोडींवर मोडलेल्या अर्धकच्च्या अंड्यांसाठी प्रसिद्ध आहे. ती बारची जागा नव्हे, टेबल आधी राखून ठेवावं लागतं.

मावसभाऊ शाकाहारी, अंडं चालणारा. त्याचं ला लातिनात बरं निभावलं, पण डोळ्यात तेल घालून. तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, मधे थोडं पातळ ठेवलेलं, हे त्याचं मुख्य अन्न झालं. पातातास ब्राव्हास म्हणजे तिखटसर सॉस घातलेल्या बटाट्याच्या फोडी. पोर्तुगीजांनी आपल्याला 'बटाटा' दिला, त्यामुळे 'पातातास' ऐकून तो एकदम माहेरी आल्यासारखा खूश. पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या तेलात परतून जाडं मीठ भुरभुरवलेल्या असतात. दहा मिळमिळीत निघतात आणि एखादी कान गरम करते. धोका क्रोकेतासमध्ये. दिसतात बटाटेवड्याच्या धाकट्या भावासारख्या, आत बहुधा खामोनचे, म्हणजे हॅमचे तुकडे. 'मांस नको' म्हटलं तर टूना आणून ठेवतील, कारण तिथल्या हिशेबात मासा म्हणजे मांस नव्हे. आपल्याकडच्या काही मत्स्यप्रेमी घरांत हेच शास्त्र चालतं, त्यामुळे रागावायला तोंड नाही.

न पिणाऱ्यांनी अवघडून बसायचं कारण नाही. 'मोस्तो' म्हणजे द्राक्षाचा रस, तो रीतसर ग्लासात, बर्फ आणि संत्र्याच्या चकतीसह येतो. बिनअल्कोहोलची बिअर तर इतकी सर्रास चालते की नुसतं 'सिन' म्हटलं तरी कळतं.

ला लातिनाचा दोष असा की तिचा खरा दिवस शनिवार नाहीच. रविवारी सकाळी शेजारीच रास्त्रोचा जुना बाजार भरतो. तो तीनच्या सुमाराला उठला की सगळी गर्दी काव्हा बाखावर आणि प्लासा दे ला पाखावर सांडते. लोक उन्हात उभं राहून व्हर्मुथ पितात, म्हणजे वनस्पतींचा अर्क घातलेली वाइन, पिंपाच्या नळातून ओतलेली. ती दुपार हीच ला लातिनाची रात्र. शनिवारी रात्रीही मजा येते, पण एकनंतर शटरं खाली येऊ लागतात.

मालासान्याला उलट. दहाच्या आत गेलात तर गल्ल्या पेंगुळलेल्या वाटतील. हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये वारला आणि पुढच्या काही वर्षांत दबून राहिलेली तरुण पिढी जी उसळली, ती 'मोव्हिदा' मुख्यतः याच गल्ल्यांतली. ला व्हिया लाक्तेआ हा बार १९७९ चा. भिंतीभर पोस्टर्स, अंधुक उजेड, रॉक संगीत. गिऱ्हाइकांत पंचविशीतली पोरं आणि त्या काळची, आता केस पिकलेली मंडळी एकाच काउंटरला. चकाचक जागा हवी असेल त्यांनी जाऊ नये.

माझं मत विचाराल तर मालासान्याची सुरुवात बोदेगा दे ला आर्दोसापासून करावी. १८९२ ची जागा, बाहेर लाल रंगाचं लाकूडकाम, आत खांद्याला खांदा. मागच्या खोलीत जायला दार नाही. काउंटरखालून वाकून जावं लागतं. नवरा सहा फुटी. भरलेला ग्लास हातात धरून तो खाली बसला, बदकासारखा चालत पलीकडे निघाला, आणि तिकडच्या चार अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक थेंब सांडला नाही, हे त्याने नंतर जमेल त्याला सांगितलं. तोर्तियाही इथे चांगली मिळते, त्यामुळे मावसभावाचा प्रश्न सुटला.

इथे सावध राहायचं ते 'कोपा'पासून. जिन-टॉनिक, रम-कोक असलं काही मागितलं की भलामोठा ग्लास येतो, त्यात भरपूर बर्फ, आणि बारवाला मापाशिवाय ओततो. आपला तीस-साठचा हिशेब तिथे लागू नाही. दोन कोपा म्हणजे घरचे चार पेग सहज. किंमत नऊ ते बारा युरोच्या आसपास, त्यामुळे खिसाही आठवण करून देतो. दोस दे मायो चौकात लोक घोळक्याने बसलेले दिसतील, पण बाटली घेऊन त्यांच्यात बसू नका. रस्त्यावर पिण्याला २००२ पासून बंदी आहे, दंड होतो. दुकानांतही रात्री दहानंतर दारू विकत नाहीत.

नाचायचं असेल तर दोन्ही वस्त्या सोडून मध्यावर या. आतोचा रस्त्यावरचं कापिताल सात मजली आहे, मजल्यागणिक संगीत वेगळं. तिथे पर्यटक भरपूर. खार्दिनेस रस्त्यावरचं एल सोल १९७९ पासूनचं, लहान, आधी बँड मग डीजे. मी एल सोल निवडेन. पासपोर्ट जवळ ठेवा, बूट घाला, पाकीट पुढच्या खिशात. तिकिटात बहुधा एक पेय धरलेलं असतं.

दोन्ही नको असतील, गोंगाटाचाच कंटाळा असेल, तर एचेगाराय रस्त्यावरचं ला व्हेनेन्सिया. या बारमध्ये फक्त शेरी, म्हणजे स्पेनची एक कडक वाइन मिळते. फोटो काढायचा नाही, टीप ठेवायची नाही, आणि तुमचा हिशेब खडूने काउंटरच्या लाकडावरच लिहितात.

दोन्ही वस्त्या एका रात्रीत करता येतात का? अंतर दोनेक किलोमीटरचं, सोल चौकातून चालत अर्धा तास. दहा ते साडेबारा ला लातिना, मग पायी मालासान्या, हा बेत पंचविशीत जमतो. आम्ही तो चाळिशीत केला. निघताना 'ला उल्तिमा', म्हणजे शेवटचा ग्लास, असं तिथे म्हणत नाहीत. 'ला पेनुल्तिमा' म्हणतात, शेवटून दुसरा. आपण नाही का 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणत, तसंच. असे तीन 'शेवटून दुसरे' झाल्यावर पावणेसहाला आम्ही सान खिनेसमध्ये जाड चॉकलेटात चुर्रोस, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या, बुडवत बसलो होतो. १८९४ चं ते दुकान तेव्हाही उघडं होतं. शेजारच्या टेबलावर एक आजोबा पेपर वाचत होते. त्यांचा मात्र हा सकाळचा नाश्ता होता.