वाचनालयाच्या कामात लिबरऑफिस : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा पत्रव्यवहार, सभांची इतिवृत्ते, वार्षिक अहवाल आणि ग्रंथांची यादी ही सगळी कामे गेल्या नऊ महिन्यांपासून मी लिबरऑफिस या विनामूल्य ऑफिस पॅकेजमध्ये करीत आहे. आधीच्या ऑफिस पॅकेजची वर्षाची मुदत संपली तेव्हा ते पैसे पुन्हा भरावेत की त्यात बालविभागासाठी पुस्तके घ्यावीत, असा प्रश्न कार्यकारिणीपुढे आला आणि पुस्तके घ्यायचे ठरले. लिबरऑफिस २०१० साली ओपनऑफिस या तशाच जुन्या पॅकेजपासून वेगळे झाले, डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था त्याचा सांभाळ करते, आणि ते कितीही संगणकांवर, संस्थेच्या कामासाठीसुद्धा, विनामूल्य वापरता येते. पण विनामूल्य आहे म्हणून त्यातील मराठीची उणीव चालवून घ्यावी, असे मला वाटत नव्हते. म्हणून या अनुभवात मी मुख्यतः मराठीविषयीच लिहिणार आहे.

पहिले पंधरा दिवस त्रासाचे गेले. मजकूर निवडून मी फॉन्ट बदलत असे, यादीत नवे नाव दिसत असे आणि कागदावरची अक्षरे मात्र जशीच्या तशी राहत. कारण नंतर कळले. लिबरऑफिस प्रत्येक मजकुरासाठी लिपीनुसार वेगवेगळे फॉन्ट लक्षात ठेवते : एक रोमन लिपीसाठी आणि दुसरा देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिप्यांसाठी, ज्यांना तेथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट म्हणतात. टूल्स मेनूमधील ऑप्शन्समध्ये भाषांचा जो विभाग आहे, तेथे या लिप्यांची सोय चालू करून मूळ भाषा म्हणून मराठी निवडली, की फॉर्मॅट मेनूतील कॅरेक्टर या खिडकीत देवनागरीसाठी स्वतंत्र रकाना दिसू लागतो. त्याहून चांगला मार्ग म्हणजे एफ ११ दाबून शैलींची यादी उघडावी आणि डीफॉल्ट परिच्छेद शैलीतच मुक्ता किंवा नोटोसारखा युनिकोड फॉन्ट, म्हणजे अक्षरांच्या जागतिक संकेतांकांवर चालणारा फॉन्ट, एकदाचा ठरवून टाकावा. तसे केल्यानंतर पुन्हा कधी फॉन्ट हाताने बदलण्याची वेळ माझ्यावर आली नाही.

भाषा मराठी अशी नोंदवण्याचा आणखी एक लाभ आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची प्रमाण रूपे ठरवली आहेत, परंतु पुष्कळ फॉन्ट मुळात हिंदीच्या वळणाची अक्षरे दाखवतात. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे दिलेली असतात, त्यात मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितले की लिबरऑफिस मराठी वळणाचे ल आणि श आपोआप उमटवते. आमच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर वाचनालयाचे नाव योग्य वळणाच्या अक्षरांत छापून आले, त्याचा आनंद मी लपवणार नाही.

सर्वांत जास्त वेळ ग्रंथयादीने घेतला, आणि त्यात लिबरऑफिसचा दोष नव्हता. ही यादी कॅल्कमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या तक्त्यांच्या भागात, आहे आणि गेल्या काही वर्षांत ती निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या कळफलकांवर टंकित केली आहे. एका विद्यार्थ्याने ॲटलास मागितला. मी शोध घेतला तर एकही नोंद मिळाली नाही, कपाटात मात्र चार ॲटलास होते. युनिकोडमध्ये ॲ हे अक्षर २००८ साली स्वतंत्र संकेतांकासह आले. त्याआधीच्या सवयीने काही जण अ टंकून त्यावर चंद्र देतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. कऱ्हाड या नावाचेही तेच. त्यातील ऱ्ह कोणी नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावून लिहितो, तर कोणी साध्या र ला हलन्त लावून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकतो. उपाय सोपा आहे. यादीची एक प्रत बाजूला ठेवावी, चुकीच्या पद्धतीने लिहिलेले अक्षर त्या नोंदीतूनच उचलून शोधा-बदलाच्या खिडकीत वरच्या चौकटीत चिकटवावे, खालच्या चौकटीत योग्य अक्षर स्वतः टंकावे आणि सगळीकडे एकदम बदल करावा. हे काम मी तीन संध्याकाळी बसून पुरे केले. त्यानंतर आमच्याकडे टंकन करणाऱ्या प्रत्येकाने इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलकच वापरायचा, असा नियम केला.

फायलींच्या देवघेवीत मात्र सावध राहावे लागते. अहवालाची डॉकएक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्ट वर्डच्या स्वरूपातील, फाइल एका सदस्याच्या संगणकावर दुसऱ्या पॅकेजमध्ये उघडली तेव्हा २४ पानांची २६ पाने झाली आणि जमाखर्चाचा तक्ता दोन पानांवर तुटला. बहुतेक वेळा याचे कारण समोरच्या संगणकावर आपला फॉन्ट नसणे हे असते. फाइल मेनूतील प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट दस्तऐवजातच समाविष्ट करण्याचा पर्याय आहे, तो चालू केल्यावर ही अडचण पुष्कळ कमी झाली, जरी गुंतागुंतीचे तक्ते अजूनही कधी कधी सरकतात. म्हणून मूळ प्रत मी नेहमी ओडीटी या लिबरऑफिसच्या स्वतःच्या स्वरूपात ठेवतो आणि ज्याला केवळ वाचायचे किंवा छापायचे आहे त्याला पीडीएफ पाठवतो. पीडीएफ करताना हायब्रिड हा पर्याय निवडला तर मूळ दस्तऐवजही त्या पीडीएफच्या पोटात राहतो आणि लिबरऑफिसमध्ये तो पुन्हा संपादित करता येतो. ही सोय फारशी कोणाला ठाऊक नसते.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते. चालू कामाची आपोआप नोंद ठेवण्याची वेळ लिबरऑफिसमध्ये मुळात दहा मिनिटांची असते, ती मी तीन मिनिटांवर आणली आणि शेजारचाच राखीव प्रत करण्याचा पर्यायही चालू केला. ही आपोआप होणारी नोंद अपघातानंतर मजकूर परत मिळवण्यापुरती असते, त्यामुळे फाइल स्वतः जतन करण्याची सवय सोडू नये.

शुद्धलेखन तपासणीबद्दल मी समाधानी नाही. मराठीचा शब्दकोश एक्स्टेंशन, म्हणजे पूरक जोड, म्हणून वेगळा जोडता येतो आणि तो ऱ्हस्वदीर्घाच्या ढोबळ चुका पकडतो, पण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये लागलेल्या अनेक शुद्ध शब्दांखालीही लाल रेघ येते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील इतिवृत्ते तर येथे निरर्थक चिन्हांसारखी दिसतात. ती युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढून ओळ न् ओळ मूळ कागदाशी ताडून पाहावी लागली, आणि ते काम अजून चालू आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी लिबरऑफिस त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे आणि विंडोजवर बसवताना कस्टम हा पर्याय निवडून मेनूंची मराठी भाषाही सोबत घ्यावी. आमच्या सहायक ग्रंथपाल बाई मराठी मेनूंवरच शिकल्या आणि आता पत्रे मला न विचारता तयार करतात. मी मात्र मेनू इंग्रजीत ठेवले आहेत, कारण अडचण आली की इंटरनेटवर मिळणारी बहुतेक उत्तरे इंग्रजी मेनूंची नावे धरूनच लिहिलेली असतात.