पुण्यात बनलेला घरगुती चाचणी संच: कोविसेल्फ

मायलॅब या कंपनीच्या कोविसेल्फ या कोविडच्या चाचणी संचाला मे २०२१ मध्ये आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची) मान्यता मिळाली, तेव्हा त्याची किंमत २५० रुपये होती. आमच्या घरी तो आईसाठी आणला. डबीत कापसाची काडी, द्रव भरलेली छोटी नळी, चाचणी पट्टी आणि माहितीपत्रक होते. काडी दोन्ही नाकपुड्यांत फिरवायची, नळीत घोळवायची, खुणेपाशी मोडून झाकण लावायचे आणि पट्टीवर दोन थेंब सोडायचे. आईचे हात थरथरतात, तरीही तिने हे सारे स्वतः केले. पंधरा मिनिटांनी ‘सी’समोर एकच रेघ उमटली, म्हणजे कोविड आढळला नाही. अर्थात लक्षणे असताना असा निकाल आला, तर आरटी-पीसीआर ही प्रयोगशाळेतली अधिक अचूक चाचणी करावीच लागते. रुग्णाने ही अट मुळीच विसरू नये.

हा संच पुण्यातल्या कंपनीकडून यावा, यात मला नवल वाटत नाही. मार्च २०२० मध्ये याच कंपनीच्या आरटी-पीसीआर संचाला भारतीय बनावटीचा पहिला संच म्हणून मान्यता मिळाली होती. त्यावर काम करणाऱ्या चमूचे नेतृत्व मिनल दाखवे-भोसले यांनी केले. ज्या शहरात राष्ट्रीय विषाणू संस्था, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि १९६६ पासूनची सीरम इन्स्टिट्यूट आहे, तिथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या मुलामुलींना गावाजवळच प्रयोगशाळेची नोकरी मिळू शकते. वाहनउद्योगावर विसंबलेल्या या जिल्ह्याला असा दुसरा आधार मला फार मोलाचा वाटतो.