अकरा महिने काठीसोबत: डावा गुडघा, उजवं मनगट आणि चुकीचा हात

काठी घेऊन अकरा महिने झाले. त्यातले पहिले तीन महिने मी ती चुकीच्या हातात धरली आणि वर तिलाच नावं ठेवली. त्यामुळे हा अनुभव आठ महिन्यांचा धरलात तरी चालेल.

काठी साधीच आहे. ॲल्युमिनियमची, बटण दाबून उंची कमीजास्त करता येणारी, साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास वजनाची. घ्यावी लागली त्याचं कारण मात्र दुहेरी आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

डाव्या गुडघ्याला सात वर्षांपासून ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांधा झिजण्याचा आजार आहे. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं आखडलेला, मग मोकळा, संध्याकाळी पुन्हा ठणका. एक्स-रेवर 'ग्रेड ३' लिहिलंय. ही प्रतवारी केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी 1957 मध्ये मांडली, शून्यापासून चारपर्यंत. आकडा बघून मी घाबरले होते. पण माझ्या ओळखीच्या एक बाई ग्रेड ४ घेऊन माझ्यापेक्षा लांब चालतात. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या नसा नसतात, त्यामुळे तिची झीज थेट दुखत नाही. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं अस्तर, भोवतालचं आवरण. म्हणून फिल्मवरचा आकडा आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही.

तर हा गुडघा एके दिवशी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दगा देऊन मोकळा झाला. पडताना माणूस हात पुढे टाकतो, तसा मी उजवा टाकला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. कोलीस फ्रॅक्चर. हात बाजूने पालथ्या ठेवलेल्या जेवणाच्या काट्यासारखा दिसत होता, आणि पुस्तकांतही नेमकी हीच उपमा देतात हे नंतर कळलं. अब्राहम कोलीस या आयरिश सर्जननी हे 1814 मध्ये लिहून ठेवलं. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा अजून 81 वर्षं होती. सगळं हाताने चाचपून ओळखलेलं! प्लास्टरच्या सहा आठवड्यांत मला विचार करायला वेळच वेळ होता, म्हणून हे डोक्यात राहिलं.

नुसतं तोल जाऊन पडल्यावर मनगट मोडलं म्हणून हाडांची घनता मोजली. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता किती ते सांगणारा आकडा, उणे 2.7 आला. उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. इथे आपल्या बोलण्याने माझा चांगलाच गोंधळ केला. 'हाडं झिजलीत' हे आपण दोन्हीला म्हणतो. प्रत्यक्षात गुडघ्यात सांधा बिघडलेला असतो आणि तो दुखतो. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाड आतून विरळ होतं आणि मोडेपर्यंत चकार शब्द काढत नाही. औषधं वेगळी, तपासण्या वेगळ्या. मला वाटत होतं गुडघ्याच्या गोळ्या चालू आहेत म्हणजे हाडांचंही बघितलं जातंय. नव्हतं बघितलं जात.

आता काठी. डावा गुडघा दुखतो म्हणून डाव्या हातात धरली. उजवं मनगट नुकतंच प्लास्टरमधून निघालेलं, त्याला कशाला त्रास द्यायचा, हाही हिशोब होताच. घरात कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. सिनेमातले लंगडणारे लोकही बहुतेक अशीच धरतात. तीन महिन्यांत झालं काय, तर लंगडणं वाढलं, कंबर धरायला लागली आणि गुडघा होता तिथेच. काठी म्हणजे नुसतं सोंग आहे असं माझं ठाम मत झालं.

मग फिजिओथेरपिस्टकडे मनगटाच्या व्यायामासाठी गेले होते, तेव्हा त्यांनी मी दारातून आत येतानाच विचारलं, "गुडघा कुठला दुखतो?" आणि काठी माझ्या उजव्या हातात दिली.

कारण त्यांनी उभं करूनच समजावलं. डाव्या पायावर भार येतो त्या क्षणी उजवा पाय हवेत असतो, म्हणजे शरीराचं वजन उजव्या बाजूला, आधाराशिवाय लोंबत असतं. त्याने डाव्या गुडघ्याच्या आतल्या अर्ध्या भागावर जास्त दाब पडतो, आणि बहुतेकांचा गुडघा तिथेच झिजलेला असतो. उजव्या हातातली काठी नेमकं ते लोंबतं वजन उचलते. काठी डाव्या हातात असली की उलट आपण दुखऱ्या पायाकडेच झुकतो. शिवाय चालताना डाव्या पायाबरोबर उजवा हात पुढे जातो, ही चाल लहानपणापासूनची. काठी उजव्या हातात धरली की ती त्या लयीत आपोआप बसते: काठी आणि दुखरा पाय एकत्र पुढे, मग चांगला पाय. खुब्याच्या दुखण्यात याचा फायदा आणखी मोठा असतो. वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञांनी 1956 मध्येच काठीची बाजू घेऊन, तिचं गणित मांडून लेख लिहिला होता. म्हणजे माहिती माझ्या जन्माआधीची आहे, माझ्यापर्यंत पोचायलाच उशीर झाला.

पण आता पंचाईत अशी की योग्य हात म्हणजे माझा मोडलेला हात.

इथे मूठ कामाला आली. काठी निवडताना लोक रंग बघतात, घडी होते का बघतात. मुठीकडे कुणी बघत नाही. माझी पहिली मूठ इंग्रजी टी अक्षरासारखी, अरुंद आणि कडक प्लास्टिकची होती. तळहाताच्या बुडाशी, बरोबर जिथे मोडलं होतं त्याच्या वर, ती रुतायची. दहा मिनिटांत मनगट ठणकायचं. छत्रीसारखी गोल मूठ घेऊन पाहिली. ती हातावर अडकवायला छान, पण भार दांड्याच्या रेषेत येत नाही आणि मनगट वळतं. शेवटी तळहाताच्या आकाराची रुंद मूठ घेतली. ही उजव्या आणि डाव्या हाताची वेगवेगळी येते, बुटासारखी. पहिल्यांदा डावी आली, ती परत पाठवण्यात दहा दिवस गेले. मागवताना हात कोणता ते दोनदा वाचा, आणि लक्षात ठेवा, दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूचा. या मुठीत भार सगळ्या तळहातावर पसरतो. सुरुवातीला पाच मिनिटं, मग दहा, असं वाढवत दोन महिन्यांनी मनगट तक्रार करेनासं झालं. माझं हाड नीट जुळल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून मी हे केलं. नुकतं प्लास्टर निघालेल्यांनी विचारल्याशिवाय हातावर भार देऊ नये.

उंचीचीही एक गंमत झाली. मी काठी उंच ठेवली होती, ताठ चालता येईल या समजुतीने. त्याने खांदा वर उचलला जायचा आणि रात्री मान दुखायची. माप असं घ्यायचं: रोजच्या चपला-बूट घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. मग धरल्यावर कोपर थोडंसं वाकतं, वीस-तीस अंश. मी दोन भोकं खाली आणली आणि मान सुटली. भोकांत अडीच सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे अगदी तंतोतंत माप सगळ्यांना मिळेलच असं नाही. बटणाच्या खाली एक कडं असतं, ते आवळून ठेवायचं, नाहीतर प्रत्येक पावलाला खडखड होते. मी चार महिने तो खडखडाट ऐकला. कडं कशासाठी आहे हेच माहीत नव्हतं.

खालच्या रबराबद्दल मात्र मला भांडायचंय. काठी विकताना त्याच्याबद्दल कुणी एक अक्षर बोलत नाही. वास्तविक अख्ख्या काठीत जमिनीला धरून ठेवणारी वस्तू तेवढी एकच. माझं पहिलं रबर पाच महिन्यांत एका कडेने झिजून गुळगुळीत झालं आणि ओल्या फरशीवर काठी सरकली. मी भिंतीला टेकले म्हणून वाचले. उणे 2.7 वाल्या बाईला दुसरं पडणं परवडणारं नव्हतं. आता दर महिन्याला उलटी करून बघते: तळाची वर्तुळं पुसली गेली की रबर बदलायचं. मापात पुन्हा फसले, कारण मी जुन्या रबराची बाहेरची रुंदी मोजली. मोजायचा असतो काठीच्या खालच्या टोकाचा व्यास. माझा 19 मिलिमीटर निघाला.

चार पायांची काठीही आठवडाभर वापरून पाहिली, एकीने उसनी दिली होती. ती स्वतःच्या पायावर उभी राहते, हा तिचा मोठा गुण. पण चारही पाय एकदम टेकले तरच आधार, नाहीतर डुगडुगते. अरुंद पायरीवर ती मावत नाही. फार हळू चालणाऱ्यांना किंवा तोलच राहत नाही अशांना उपयोगी असेल, मला नाही झाली.

जिन्यासाठी एक वाक्य पाठ केलंय: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी कायम दुखऱ्या पायाबरोबर, दुसरा हात कठड्यावर. मला उतरणं चढण्यापेक्षा जास्त भीतीचं वाटतं, अजूनही. पडले तेही उतरतानाच.

फरक किती पडला? मी वहीत शून्य ते दहा असे आकडे मांडत होते. आधी पंधरा मिनिटं चालल्यावर सहा-सात व्हायचे. आता चाळीस मिनिटं चालून चार. पूर्ण थांबलेलं नाही. हवा दमट झाली की आकडा वर जातो, काही दिवस काहीही कारण नसताना जातो.

हे सगळं श्रेय काठीचं नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम मी त्याच काळात सुरू केले: पाय सरळ ठेवून उचलणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं. पहिले सहा आठवडे काही जाणवलं नाही, उलट दुखलं. नंतर खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणायचं राहून गेलं हे मुलीच्या लक्षात आलं, माझ्या नाही. वजनही चार किलो उतरलं. 2005 सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं की वजन एक किलो घटलं की गुडघ्यावरचा भार दर पावलाला चार किलोने घटतो. म्हणजे माझे सोळा. ते वाचून मला उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. ताणून घालायची नी-कॅप गरम ठेवते आणि 'काहीतरी आहे' असा धीर देते, भार मात्र उचलत नाही, वर घसरून गुडघ्यामागे गोळा होते. बिजागरीचा, आतल्या बाजूचा दाब कमी करणारा ब्रेस खरंच काम करतो, पण घालून बसणं कटकटीचं. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं जेल मला लागू पडलं, रोज नियमाने लावल्यावर काही दिवसांनी. लावून झालं की हात धुवा. तीच औषधं गोळीतून रोज घेणं पोटाला आणि मूत्रपिंडाला महाग पडू शकतं, म्हणून गोळी फक्त प्रवासाच्या वगैरे दिवशी, डॉक्टरांना विचारून. टेन्सचं, म्हणजे त्वचेवरून सौम्य विजेचे झटके देणारं यंत्र चालू असेपर्यंत बरं वाटतं, बंद केलं की पंधरा मिनिटांत जैसे थे. ग्लुकोसामाइन, सांध्यांसाठी म्हणून विकलं जाणारं पूरक, तीन महिने घेतलं आणि सोडलं. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्यासाठी ते घेऊ नका असं ठामपणे म्हटलंय, आणि त्याच सूचनांत व्यायाम आणि काठी यांची तितक्याच ठामपणे शिफारस आहे. डबीवर अर्थातच यातलं काही छापलेलं नसतं.

काठी वापरताना लोक जे बोलतात त्याबद्दल वेगळं लिहीत नाही. "एवढ्यात काठी?" हे पहिल्या महिन्यात टोचलं. आता लोक वाट देतात, आणि खरं सांगते, मी ती घेते.

पाचपैकी गुण द्यायचे तर चार. कापलेला एक गुण तिच्या पडण्याचा. टेबलाला टेकवा, पडते. भिंतीला टेकवा, पडते. खुर्चीच्या पाठीला अडकवा, कुणीतरी खुर्ची ओढतं आणि पडते. जिला वाकता येत नाही तिच्यासाठी बनवलेली वस्तू दिवसातून सहा वेळा जमिनीवर! मनगटात अडकवायची दोरी लावून पाहिली, पण जिन्यावर ती पायात येते, म्हणून काढली. सध्या मुठीखाली रबराचा जाड पट्टा गुंडाळलाय, त्याने टेबलाच्या कडेला ती जरा धरून राहते. आज सकाळपासून दोनदाच पडली आहे.