फुगलेली बॅटरी बदलायची असेल तर

पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आतल्या बाजूला, जेमतेम दोन गिऱ्हाइकं उभी राहतील एवढं एक मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. आईच्या फोनची बॅटरी तिथे बदलून घेतली. काम इतकं जबाबदारीनं झालं की लिहायलाच हवं.

फोनचं मागचं झाकण एका कडेनं उचललं होतं, नख आत जाईल इतकी फट. घराजवळचा एक दुकानदार म्हणाला, "दाबून चिकटवून देतो, शंभर रुपये." ऐकूनच धडकी भरली. आत वायू साठला म्हणून बॅटरी फुगते. ती दाबली की थरांमधला पातळ पडदा फाटून शॉर्ट होऊ शकतो, आणि एकदा आतून तापायला लागली की थांबवणं हातात राहत नाही. २०१६ साली सॅमसंगच्या नोट ७ चे सुमारे २५ लाख फोन परत मागवले गेले, तेव्हा एका पुरवठादाराच्या बॅटरीत हेच निघालं होतं: कोपऱ्यात जागा अपुरी, म्हणून आतला इलेक्ट्रोड (वीज वाहून नेणारा थर) वाकलेला, आणि त्यातून शॉर्ट.

तपकीर गल्लीतल्या दादांनी आधी विचारलं, "चार्ज किती आहे?" साठ टक्के होता. "पंचवीसच्या खाली उतरू दे, मगच उघडतो. भरलेली बॅटरी पेटली तर जोरात पेटते." घाई करून उपयोग झाला नाही, आणि ते बरंच झालं.

झाकण निघाल्यावर बॅटरीच्या कडेला त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडले, गोंद सुटेपर्यंत थांबले आणि प्लास्टिकचं कार्ड हळूहळू आत सरकवलं. धातूचं हत्यार जवळसुद्धा आणलं नाही. शेजारी कोरड्या वाळूची पत्र्याची बादली. पुरीसारखी टम्म झालेली ती बॅटरी बाहेर येताच तिच्या टोकांना टेप लावून वाळूत ठेवली. अशा बॅटऱ्या ते ई-कचरावाल्याला देतात. घरच्या कचऱ्यात टाकली तर घंटागाडीत चेपून तिथेच आग लागू शकते, हे कितीजण सांगतात?

नव्या बॅटरीवरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि आयएस १६०४६ हा बॅटरीच्या सुरक्षिततेच्या मानकाचा क्रमांक दाखवला, 'आर' नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, बीआयएस केअर ॲपवर आमच्यासमोर तपासला. १,६०० रुपये घेतले. ४५० मध्येही बॅटरी मिळते, पण त्यावर ना नंबर ना शिक्का, ती ते बसवतच नाहीत. पक्कं बिल मिळालं. आईला निघताना म्हणाले, "काकू, उशीखाली चार्जिंगला लावू नका. उष्णता बाहेर पडायला जागा लागते."

बसायला जागा नाही, ज्येष्ठांना उभं राहावं लागतं, निदान एक स्टूल तरी ठेवावं. झाकणाचा गोंद सुकेपर्यंत फोन रात्रभर तिथेच राहतो, त्यामुळे दुसरा फोन जवळ असू द्या. दुपारनंतर गर्दी होते, सकाळी जा. फुगलेला फोन चार्ज न करता उतरलेलाच न्या, म्हणजे लगेच काम सुरू होईल.