जुनी जिप्सी, अकरा महिने आणि उजव्या चाकाचा हब

2024 च्या दसऱ्याला, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, मी आयुष्यातील पहिली चारचाकी घेतली. आणि तीही दुसऱ्याने बारा वर्षे वापरलेली, 2012 सालची, कापडी टपाची मारुती जिप्सी. पहिली गाडी म्हणून बेळगावातील शहाणा माणूस जे घेतो ते मी घेतले नाही, याबद्दल घरात आणि गल्लीत पुरेसे बोलून झाले आहे. जांबोटीच्या पुढे आमची वडिलार्जित काजूची बाग आहे आणि तिथे जाणारा शेवटचा तीन किलोमीटरचा रस्ता मृगापासून गणपतीपर्यंत तांबड्या चिखलाचा असतो, एवढे एकच कारण मला पुरेसे होते. 1298 सीसीचे पेट्रोल इंजिन, 80 अश्वशक्ती, लॅडर फ्रेम आणि चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा हा तपशील ही गाडी शोधणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो, म्हणून तो इथे उगाळत नाही. हा अनुभव मुख्यतः उजव्या पुढच्या चाकाच्या मध्यभागी असलेल्या, तळहातात मावेल एवढ्या एका डबीचा, म्हणजे चाक आणि त्याला फिरवणारा शाफ्ट हवे तेव्हा जोडणाऱ्या किंवा सोडणाऱ्या हबचा आहे, कारण अकरा महिन्यांत तिने मला जेवढे छळले तेवढे बाकीच्या संपूर्ण गाडीने मिळून छळलेले नाही.

गाडी गडहिंग्लजच्या बाजूच्या एका गृहस्थांकडे होती. त्यांनी तीन लाख चाळीस हजार सांगितले आणि तीन लाख दहा हजारांवर व्यवहार ठरला. मी नवखा असल्यामुळे पाहणीसाठी वहीत पानभर मुद्दे लिहून नेले होते. चेसिसला गंज आहे का, पाट्यांना तडे आहेत का, गाडी थंड असताना सुरू करताना धूर कोणत्या रंगाचा येतो, क्लच कुठे धरतो, टायरवर कोणत्या आठवड्याची आणि कोणत्या वर्षाची तारीख आहे, असे सगळे मी तपासले. चार चाकांच्या ड्राइव्हविषयी विचारल्यावर त्या गृहस्थांनी लहान लिव्हर 2एच, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवरून, 4एच, म्हणजे चारही चाकांवर ओढला, समोरच्या पट्टीवर दिवा लागला आणि ते म्हणाले, ‘‘बघा साहेब, एकदम ओके.’’ मी वहीत त्या मुद्द्यापुढे बरोबरची खूण केली. ती खूण मला पुढे चांगलीच महागात पडली.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, कारण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडच्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच. गाडीचा क्रमांक कोल्हापूरच्या एमएच-09 मालिकेतील, मी राहणारा बेळगावच्या केए-22 च्या हद्दीतील. आमच्याकडे नातेवाइकांच्या नावावरची पलीकडची गाडी वर्षानुवर्षे चालवणारे लोक आहेत. परंतु मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तिची नव्याने नोंदणी करावी लागते, आणि अपघात झाला तर ही नातीगोती उपयोगी पडत नाहीत. म्हणून फॉर्म 28 वर ना हरकत प्रमाणपत्र, हस्तांतरणासाठी फॉर्म 29 व 30 आणि नव्या क्रमांकासाठी फॉर्म 27, असा सगळा मार्ग मी रीतसर चाललो. यात जो उशीर झाला तो माझ्यामुळेच झाला, कारण चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा गंजामुळे पुसट आला आणि तो मी तसाच जोडला. कर्नाटकाचा आजीवन कर गाडीच्या वयाप्रमाणे भरावा लागतो, तो गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करावा. विम्याचे नावही चौदा दिवसांच्या आत बदलण्यासाठी अर्ज करावा, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो, हे लक्षात असू द्यावे.

पहिले सात-आठ महिने मी अत्यंत समाधानी होतो. शहरात लिटरला नऊ ते दहा आणि निपाणीच्या हमरस्त्यावर अकरापर्यंत किलोमीटर मिळत. मागच्या आडव्या बाकांवर बाबा एकदा बसले आणि पुन्हा बसले नाहीत, कारण पाट्यांची ही गाडी रिकामी असताना प्रत्येक खड्ड्याची नोंद पाठीच्या कण्यात करून ठेवते. तरीही डिसेंबरात मी एका मित्राला बिनदिक्कत लिहून पाठवले होते की वापरलेली जिप्सी घेण्यात धोका असा काही नाही, फक्त गंज नीट पाहावा. ते मत मी आता मागे घेतो. कोरड्या ऋतूत घेतलेल्या अशा गाडीची खरी परीक्षा झालेलीच नसते. गाडी दसऱ्याला आली आणि तिची परीक्षा मृगात झाली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्रभर पाऊस झाल्यावर, मी बागेकडे निघालो. ओढ्यानंतरचा चढ सुरू होण्यापूर्वी नियमाप्रमाणे खाली उतरलो, दोन्ही पुढच्या चाकांच्या हबवरील चकत्या ‘फ्री’ वरून ‘लॉक’ वर फिरवल्या, आत बसून लिव्हर 4एल, म्हणजे चारही चाकांच्या कमी वेगाच्या पण जास्त जोराच्या गतीवर टाकला, दिवा लागला आणि गाडी अर्ध्या चढावर जाऊन थांबली. मागचे डावे चाक गरागरा फिरत होते, चिखल टपापर्यंत उडत होता आणि बाकीची तिन्ही चाके साक्षीदारासारखी निश्चल होती. मी अर्धा तास प्रयत्न केला. शेवटी शेजारच्या मळ्यातील मामा पॉवर टिलर घेऊन आले, गाडीकडे एकवार पाहून म्हणाले, ‘‘हिला चार चाकं हायत न्हवं?’’ आणि दोर बांधू लागले. त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही.

उत्तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मिळाले. तेथील एका जुन्या मिस्त्रींनी गाडीचे पुढचे उजवे चाक जॅकवर उचलले, दोन्ही हब लॉक केले, लिव्हर 2एच वर ठेवला आणि मला खाली वाकून पुढच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टकडे पाहायला सांगून चाक हाताने फिरवले. चाक फिरले, शाफ्ट हलला नाही. ‘‘दिवा लागला म्हणजे चाक लागलं असं न्हवं ओ सर. दिवा ट्रान्सफर केसचा. हबचं त्याला काय म्हाईत?’’ एवढे बोलून, म्हणजे दिवा फक्त शक्ती पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीचा असतो हे सांगून, त्यांनी हब उघडला. चकती आणि तिच्यामागची स्प्रिंग यांनी ढकलून जी दातेरी कडी ॲक्सल शाफ्टच्या दात्यांवर बसवायची असते, ती जागच्या जागी चिकटलेली होती. ग्रीस साबणाच्या वडीसारखे घट्ट आणि पिवळे झाले होते आणि स्प्रिंगचे दोन तुकडे वेगवेगळे पडले होते. चकती मात्र बाहेरून दरवेळी ‘टक्’ असा खणखणीत आवाज करून लॉकवर जात असे.

यातून पुढे जे घडते ते मला तेव्हा नव्याने समजले. पुढचा डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांत शक्ती वाटणारा गिअरसंच, साधा, उघड्या प्रकारचा असल्यामुळे, एका बाजूचा हब सुटा असला तर पुढे येणारी सगळी शक्ती त्या मोकळ्या शाफ्टला फिरवण्यात वाया जाते आणि दुसऱ्या बाजूचा हब पूर्ण निरोगी असूनही त्या चाकाला काहीच मिळत नाही. म्हणजे एक हब बिघडला तर तीन चाके उरतात असे नव्हे. मागची दोनच उरतात, आणि मागचा डिफरन्शियलही तसाच असल्यामुळे चिखलात त्यांतले जे चाक अधिक घसरेल तेच फिरत राहते. चार चाकांच्या ड्राइव्हसाठी तीन लाख दहा हजार मोजून मी आठ महिने मागच्या दोन चाकांची गाडी चालवत होतो, आणि ओढ्याच्या चढावर तर एकाच चाकाची.

संपूर्ण नवीन हबांची जोडी घेण्याचा सल्ला मला दोघांनी दिला आणि सांगितलेली किंमत ऐकून मी तो ऐकला नाही. मिस्त्रींनी कडी रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवली, दात्यांच्या कडा कानशीने साफ केल्या, आणि जुन्या तुकड्यांच्या मापाने शेजारच्या गाळ्यातून दीडशे रुपयांत नवी स्प्रिंग वळवून आणली. डावा हबही उघडून त्याचे ग्रीस बदलले. मजुरीसह एकूण खर्च अकराशे रुपये. फाउंड्री आणि लेथच्या गावात राहण्याचा हा फायदा आहे, आणि ज्याला तो नाही त्याने सौद्यातच हबांच्या नावाने काही हजार कमी करून घ्यावेत.

जुलैत पुन्हा त्याच चढावर गेलो. 4एल, पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय जवळजवळ नाही. पुढची दोन्ही चाके चिखल चावत वर चढू लागली तेव्हा स्टिअरिंगमध्ये जो हलका ओढा जाणवला, तो मला आधी कधीच जाणवला नव्हता, आणि तो नाही हेही कधी लक्षात आले नव्हते. गाडी न थांबता वर गेली. मामा बांधावर उभे होते. त्यांनी फक्त मान हलवली.

इथे माझे दुसरे मतही बदलले. चिखलात उतरून हाताने चकती फिरवायला लावणारी ही व्यवस्था जुनाट आणि त्रासाची आहे, असे मी जूनमध्ये सगळ्यांना सांगत होतो. आता तसे म्हणवत नाही. हब सुटे असताना पुढचे शाफ्ट आणि डिफरन्शियल फिरत नाहीत, त्यामुळे डांबरी रस्त्यावर थोडे इंधन आणि बरीच झीज वाचते. आणि बिघडले तर दीडशे रुपयांच्या स्प्रिंगवर भागते. दोष व्यवस्थेचा नव्हता, ती वर्षानुवर्षे कुणी वापरलीच नव्हती. महिन्यातून एकदा दोन्ही हब लॉक करून, लिव्हर 2एच वरच ठेवून, काही किलोमीटर गाडी चालवली की आतले तेल-ग्रीस हलते राहते. 4एच मात्र डांबरावर लावू नये, कारण मधला डिफरन्शियल नसल्याने वळणावर पुढची-मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि झीज होते. विकणाऱ्या गृहस्थांवरचा माझा रागही त्यामुळे निम्मा उतरला. त्यांना दिव्यापलीकडचे बहुधा ठाऊकच नव्हते. उरलेला निम्मा तसाच आहे, कारण ‘एकदम ओके’ हे शब्द त्यांचे होते.

नागरिकांना ही गाडी 2019 नंतर नवी मिळत नाही, त्यामुळे बाजारात जी आहे ती सगळी जुनीच आहे. घेणाऱ्याने वहीतील बाकीचे मुद्दे माझ्याहून कमी तपासले तरी चालेल, पण सोबत जॅक न्यावा आणि हब लॉक करून दोन्ही पुढची चाके एकेक करून उचलून शाफ्ट फिरतो का ते स्वतः वाकून पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे. मालकाने नाक मुरडले तर मुरडू द्यावे. माझ्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी 2027 मध्ये संपेल आणि तिचे नूतनीकरण करायचे असा माझा विचार आज तरी पक्का आहे. महाराष्ट्रातील कराच्या परताव्याचा अर्ज मी आळसाने अजून केलेला नाही. डाव्या हबच्या कडेने गेल्या आठवड्यापासून ग्रीसचा एक बारीक ओघळ दिसतो आहे. शनिवारी उद्यमबागेत जायचे ठरवले आहे, आणि मिस्त्रींनी फोनवर विचारले की उजव्याची स्प्रिंग वळवली तेव्हा एक जास्तीची का करून घेतली नाही.