इंग्लंडमधल्या शेतमजुराची वंशावळ आणि ६४० पौंडांची फाइल

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाची कशी फसवणूक झाली, त्याची ही गोष्ट आहे. सून इंग्लिश, तिचं माहेर पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या शेतमजुरी करणारं. नातीच्या बारशाला आईकडची वंशावळ भेट द्यावी असं आजी-आजोबांच्या मनात आलं. इंटरनेटवर एक 'वंशसंशोधक' सापडला. बोलायला गोड, आणि 'सहा आठवड्यांत पाचशे वर्षं मागे, हमखास' असं आश्वासन देणारा. मूळ कामाचे ३९५ पौंड, सहा दाखल्यांचे प्रत्येकी ३० म्हणजे १८०, आणि 'घराण्याचं मानचिन्ह' (कोट ऑफ आर्म्स) चौकटीत बसवून देण्याचे ६५. एकूण ६४० पौंड. फाइल आली, तिच्यात मूळपुरुष निघाला १४८५ च्या बॉसवर्थच्या लढाईत लढलेला सरदार. घरात आनंदीआनंद झाला.

ती फाइल पानापानाने तपासली तर १८४१ च्या मागे जवळजवळ काहीच टिकत नाही. कुठे आणि का टिकत नाही ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण अशा फाइली एकाच साच्यातून निघतात.

आधी दाखले. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तिची सूची जनरल रजिस्टर ऑफिसच्या संकेतस्थळावर खातं उघडून फुकट पाहता येते. जन्माच्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव आणि मृत्यूच्या सूचीत वय थेट १८३७ पासून दिलेलं आहे. एप्रिल २०२४ पासूनचे दर असे: कागदी दाखला साडेबारा पौंड, पीडीएफ ८ पौंड, आणि जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची नुसती डिजिटल प्रतिमा ३ पौंड. मागवण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावा. या फाइलमध्ये तीन जन्म, दोन विवाह आणि १८७९ चा एक मृत्यू होता. जन्म-मृत्यूच्या चार प्रतिमांचे १२ आणि विवाहाच्या दोन दाखल्यांचे २५, मिळून ३७ पौंडांचं काम. घेतले १८०. त्यातही जन्म-मृत्यूची पानं म्हणजे ३ पौंडांच्या प्रतिमाच होत्या, जाड पिवळसर कागदावर छापून सोनेरी चिकटपट्टी लावलेल्या. कायद्याच्या कामाला असा कागद चालत नाही. वंशावळीला चालतो, पण मग पैसेही प्रतिमेचेच द्यायचे.

दाखल्यात पैसे गेले, पण निदान माणसं खरी होती. पुढे माणसंच बदलली.

खरा पूर्वज जॉन. १८४१ च्या जनगणनेत तो शेतमजूर आणि वय ३० असा आहे. ही जनगणना ६ जूनची. तिच्यात पंधराच्या वरच्या माणसांची वयं खाली पाचाच्या पटीत आणून लिहायची सूचना होती, म्हणून '३०' म्हणजे तीस ते चौतीस यातलं काहीही. जन्मगाव त्या वर्षी विचारलंच नव्हतं, फक्त याच परगण्यात जन्म झाला का, एवढंच हो किंवा नाही. ३० मार्च १८५१ च्या जनगणनेत मात्र वय ४२ आहे आणि जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव, नावानिशी लिहिलेला आहे. म्हणजे जन्म १८०८-०९ चा आणि गाव ठरलेलं. फाइलवाल्याने ते गाव बाजूला ठेवलं आणि ३० मैलांवरच्या दुसऱ्या पॅरिशमधला १८०९ चा एक बाप्तिस्मा उचलला. नाव तेच, आडनाव जवळजवळ तेच, बाप मात्र जमीनदार. आडनावाच्या शेवटी एक जास्तीचं अक्षर होतं, त्यावर 'काळाच्या ओघात स्पेलिंग बदललं' अशी टीप टाकली. स्पेलिंग बदलतं हे खरंच आहे. लिहिता न येणाऱ्या माणसाचं नाव पाद्री किंवा गणनेचा कारकून कानाला येईल तसं लिहायचा. पण म्हणूनच नुसत्या नावाच्या साम्यावर कुणाला बाप म्हणता येत नाही.

इथे करायची तपासणी सोपी आहे आणि ती दर पिढीला करायची. सापडलेलं मूल मोठं झालं की लहानपणीच गेलं, हे त्याच चर्चच्या दफनाच्या नोंदीत बघायचं. त्या जमीनदाराच्या जॉनचं दफन पुढच्याच वर्षी, १८१० मध्ये, त्याच रजिस्टरात आहे. तीन वर्षांनी त्याच आईबापांनी दुसऱ्या मुलाचं नाव पुन्हा जॉन ठेवलं आहे. पहिलं मूल गेल्याची ही नेहमीची खूण. १ जानेवारी १८१३ पासून इंग्लंडच्या चर्चमध्ये छापील रजिस्टरं आली. बाप्तिस्म्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण, दफनात वय. त्याआधीच्या नोंदी बहुतेकदा एका ओळीच्या: तारीख, नाव, आईबापांची नावं. खोटे सांधे याच ओळींमध्ये बसवले जातात, कारण तिथे खोडून काढायला तपशील कमी असतो.

खोटेपणाचा सगळ्यात मोठा पुरावा फाइलमधून मुद्दाम गाळलेला होता. जॉनची पहिली बायको वारली आणि १८४६ मध्ये त्याने दुसरं लग्न केलं. १८३७ नंतरच्या प्रत्येक विवाहनोंदीत वर आणि वधू दोघांच्याही बापाचं नाव आणि धंदा असतो. या नोंदीत जॉनचा बाप रॉबर्ट, धंदा मजुरी. फाइलमधला बाप थॉमस, जमीनदार. फाइलवाल्याने दोन विवाहांचे दाखले विकले ते पुढच्या पिढ्यांचे. हा एक वगळला, कारण तो जोडला असता तर वरचा सगळा डोलारा कोसळला असता. लग्न चर्चमध्ये झालेलं असेल तर सरकारी दाखल्याइतकीच माहिती चर्चच्या रजिस्टरातही असते, आणि नॉरफोकच्या बऱ्याच रजिस्टरांच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या संकेतस्थळावर फुकट खात्यातून दिसतात. म्हणजे ६४० पौंडांची फाइल एका फुकट पानाने खोटी ठरत होती.

संदर्भ कसे दिलेत हे पाहिलं तर तपासणी न करताही संशय यायला हवा होता. जनगणनेच्या खऱ्या संदर्भात क्रमांक असतो. १८४१ आणि १८५१ साठी 'एचओ १०७', पुढे १८६१ ला 'आरजी ९', १८७१ ला 'आरजी १०', असं करत १९११ ला 'आरजी १४' आणि १९२१ ला 'आरजी १५'. त्यापुढे पुडक्याचा क्रमांक असतो आणि बहुतेक वर्षांसाठी फोलिओचा (दुहेरी पानाचा) क्रमांक आणि पान. या फाइलमध्ये नुसतं 'जनगणना, नॉरफोक' असं लिहिलेलं, आणि एका ठिकाणी चक्क '१९३१ ची जनगणना'. इंग्लंड-वेल्सच्या १९३१ च्या जनगणनेचे कागद डिसेंबर १९४२ मध्ये आगीत जळाले. १९४१ ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही. मधली पोकळी भरून काढायला २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर केलेली लोकांची नोंद, आहे, तेही अनेक ग्रंथालयांतून पाहता येतं. ज्याला १९३१ ची जनगणना जळाल्याचं ठाऊक नाही, त्याच्या हाती कुणाचेही पूर्वज देऊ नयेत.

तारखांतही अशीच गफलत होती. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. रजिस्टरातला फेब्रुवारी १७२३ म्हणजे आजच्या हिशेबाने १७२४ चा. फाइलमध्ये एका आईचं दफन नोव्हेंबर १७२३ मध्ये आणि तिच्या मुलाचा जन्म-बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२३ मध्ये, आणि फाइलवाल्याने फेब्रुवारी आधी धरला. रजिस्टर उघडलं तर फेब्रुवारीची ओळ नोव्हेंबरच्या खाली आहे. आई जाऊन तीन महिने झाल्यावर मूल जन्मलं, असा तो हिशेब.

बॉसवर्थच्या सरदाराबद्दल फार बोलायला नको. पॅरिशच्या रजिस्टरांचा हुकूम १५३८ चा, तोही सगळीकडे लगेच पाळला गेला नाही. त्याच्या मागे जायचं तर जमीन, कर, मृत्युपत्रं यांचे कागद लागतात, आणि ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याचं नाव त्यांत क्वचितच येतं. शेतमजुराच्या घराण्यात अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्क्या पुराव्याने पोहोचलं तरी ते उत्तम काम आहे. 'पाचशे वर्षं, हमखास' म्हणणारा माणूस काम सुरू होण्याआधीच उत्तर ठरवून बसलेला असतो.

मानचिन्हाचं तर उघड आहे. इंग्लंडमध्ये मानचिन्ह आडनावाला नसतं, व्यक्तीला असतं. ते देण्याचा आणि नोंदवण्याचा अधिकार १४८४ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे आहे, आणि ते त्या व्यक्तीच्या वंशजांकडे जातं. त्याच आडनावाच्या दुसऱ्या कुणाचा त्यावर हक्क नाही. त्यामुळे '६५ पौंडांत तुमच्या आडनावाचं मानचिन्ह' ही वस्तू मुळात अस्तित्वातच नाही.

वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मजुरांचे कागद नसतात, म्हणून कल्पनेने भरावं लागतं, असा समज हे लोक पसरवतात. खरं तर इंग्लंडच्या गरिबांवर कागद भरपूर झाले, कारण त्यांना पोसायचं कुणी यावर पॅरिश आपसांत भांडत असत. १६६२ च्या कायद्यानंतर गरजू माणसाला त्याच्या 'हक्काच्या' पॅरिशमध्ये परत पाठवता येत असे. तो हक्क कसा मिळाला हे ठरवायला दोन न्यायाधीशांसमोर त्याची जबानी व्हायची: जन्म कुठे, कुणाकडे सालदार राहिलास, किती वर्षं, पगार किती, लग्न कधी. अविवाहित गड्याने एकाच मालकाकडे पूर्ण वर्ष काढलं की हक्क मिळे, म्हणून कित्येक शेतकरी गडी ५१ आठवड्यांच्याच बोलीवर ठेवत. अशी जबानी म्हणजे लिहिता न येणाऱ्या माणसाचं अर्ध्या पानाचं आत्मचरित्र. शिवाय परत पाठवण्याचे हुकूम, अनौरस मुलाच्या पोटगीचे करारनामे, गरिबांना दिलेल्या बूट-पिठाचे हिशेब, आणि १८३४ नंतर वर्कहाउसची, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणाऱ्या घरांची, दप्तरं. नॉरफोकपुरतं हे सगळं नॉरिचच्या परगणा दप्तरखान्यात शोधायचं. त्याची सूची घरबसल्या, फुकट, पॅरिश आणि आडनाव टाकून पाहता येते. फाइलवाल्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कारण त्यातून सरदार निघत नाही.

या फाइलमध्ये आणखी एक लबाडी होती. १८६० च्या दशकातल्या एका जन्मदाखल्यात बापाचा रकाना कोरा आहे. फाइलमध्ये तिथे गावच्या हवेलीच्या मालकाचं नाव घातलं, पुरावा 'कौटुंबिक परंपरा'. ही परंपरा त्या घरात कुणी ऐकलेली नव्हती. कोरा रकाना कोराच ठेवायचा. खरं शोधायचं असेल तर त्या भागातल्या स्थानिक न्यायालयाचे पोटगीचे कागद बघायचे, आणि बाप्तिस्म्याच्या पानावर समासात काही लिहिलंय का ते पाहायचं. मुलाच्या मधल्या नावात कधी कधी बापाचं आडनाव ठेवलेलं असतं. तो दुवा आहे, पुरावा नाही.

फाइल पोहोचल्यावर दोन महिन्यांनी पुढचं जाळं पडलं: 'या घराण्याची बेवारस मालमत्ता सापडली आहे, दाव्यासाठी आगाऊ २५० पौंड.' सुदैवाने हे पैसे दिले गेले नाहीत. ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडचा प्रसिद्ध दर्यावर्दी सर फ्रान्सिस ड्रेक १५९६ मध्ये निपुत्रिक वारला. त्याच्या न वाटलेल्या संपत्तीत हिस्सा देतो म्हणून ऑस्कर हार्ट्झेल नावाच्या माणसाने अमेरिकेत हजारो लोकांकडून पैसे उकळले. १९३३ मध्ये त्याला आयोवात शिक्षा झाली. सरकारकडे बेवारस मालमत्तेचा दावा करायला फी लागत नाही, आणि प्रामाणिक वारसशोधक आपला हिस्सा मालमत्ता मिळाल्यावर घेतो.

पैसे परत का मिळाले नाहीत, हेही पाहा. बँकेतून थेट भरले तर दहा टक्के सूट असं सांगितलं होतं. क्रेडिट कार्डाने १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंतच्या किमतीची वस्तू किंवा सेवा घेतली असती, तर १९७४ च्या ग्राहक-कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीकडेही दावा लावता आला असता. दूरवरून केलेल्या व्यवहारात १४ दिवसांत माघार घेता येते, पण अर्जात 'काम ताबडतोब सुरू करा' या चौकोनात खूण करून घेतली होती. काम तुमच्या सांगण्यावरून सुरू झालं की झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात, आणि पूर्ण झालं की माघारीचा हक्कच जातो.

काम बाहेर द्यायचंच असेल तर तासांवर द्या. आधी चार-पाच तासांचं, लेखी अहवालासह, आणि अहवालात कुठे शोधलं पण सापडलं नाही तेही लिहिलेलं असावं. ज्यात एकही 'सापडलं नाही' नाही, तो अहवाल परत करा. परगण्याचे दप्तरखाने स्वतः तासाच्या दराने शोध करून देतात. संशोधक हवा असेल तर १९६८ पासूनची 'आग्रा' नावाची व्यावसायिक वंशसंशोधकांची संघटना आहे, तिची सदस्ययादी जाहीर असते आणि तक्रारीची सोय असते.

हाच धंदा इकडच्या बाजूनेही चालतो. खडकी, देवळाली, अहमदनगर इथल्या छावण्यांत आलेल्या गोऱ्या शिपायांचे वंशज पुण्या-मुंबईत आहेत, आणि त्यांना 'लंडनच्या गुप्त दप्तरातून' नोंद काढून देतो म्हणणारे भेटतात. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह, दफनाच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत 'एन/३' या क्रमांकाखाली आहेत, त्यात गुप्त काही नाही. भारतातल्या ब्रिटिश कुटुंबांची सूची 'फिबिस'च्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायाचे सेवाकागद 'नक्की मिळवून देतो' असं कुणी म्हटलं तर पैसे देऊ नका. त्यातले सुमारे साठ टक्के सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेले.

नातीच्या खोलीतली मानचिन्हाची चौकट आता उतरवली आहे. तिथे १८४६ च्या विवाहनोंदीचं पान छापून लावलं आहे. जॉन, विधुर, मजूर; बाप रॉबर्ट, मजूर; आणि सहीच्या जागी जॉनने स्वतः काढलेली फुली.