फिंक गॉर्ज: पाम व्हॅलीचा दगड की बॉगी होलची वाळू?

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी ॲलिस स्प्रिंग्जहून फोर-बाय-फोर घेऊन फिंक गॉर्ज नॅशनल पार्कला जायचं असेल, तर आधी ठरवा: गाडी दगडावर चालवायची आहे की वाळूत? पार्क एक, नदी एक, पण हर्मन्सबर्ग गावापासून पाम व्हॅली आणि बॉगी होलकडे फुटणाऱ्या दोन वाटांचा स्वभाव अगदी वेगळा. एका वाटेची तयारी दुसरीला पुरत नाही.

पाम व्हॅली ॲलिसपासून सुमारे 138 किलोमीटर. हर्मन्सबर्गपर्यंत डांबरी रस्ता, मग शेवटचे 16 किलोमीटर फिंक नदीच्या कोरड्या पात्राच्या संगतीने. वाळू इथेही लागते, पण खरी कसोटी कॅम्पग्राऊंडच्या पुढच्या चार-पाच किलोमीटरांत आहे. तिथे वालुकाश्माच्या पायऱ्याच आहेत. लो-रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारी गिअरची जोडणी) पहिला गिअर आणि माणसाच्या चालीचा वेग. नवखा चालक मोठा दगड दोन चाकांच्या मधे घेतो आणि डिफरन्शियलचा, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचा, गोळा त्यावर आपटतो. चाक सरळ दगडावर चढवा, म्हणजे गाडीचं पोट वर उचललं जातं. टायरमध्ये हवा 25-26 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवा. त्याहून बरीच कमी केली तर टायरची बाजू फुगते, आणि दगडाची धार नेमकी तिथेच चिरते. तिथली चीर पंक्चरच्या दोरीने बुजत नाही. लो-रेंज नसलेली, पोट खाली असलेली शहरी एसयूव्ही इथे आणूच नये, मागच्या दारावर काहीही लिहिलेलं असो.

बदल्यात मिळतं ते मात्र दुसरीकडे नाही. सुमारे 3,000 मोठी लाल कॅबेज पाम (ताडासारखी झाडं), भोवती शेकडो किलोमीटर वाळवंट. याच जातीची झाडं पुन्हा दिसतात ती उत्तरेला, जवळजवळ 1,000 किलोमीटरवर. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार या दोन्ही ठिकाणच्या झाडांची ताटातूट सुमारे 15,000 वर्षांपूर्वीची, म्हणजे बी माणसांनीच आणलं असण्याची शक्यता बरीच. कोवळ्या रोपांची पानं तांबूस असतात आणि ती अगदी वाटेलगत उगवतात, त्यामुळे चालताना नजर पायाखाली ठेवा. अरंकाया ही 2 किलोमीटरची फेरी तासाभराची, तर म्पुलुंगकिन्या 5 किलोमीटर आणि दोन तास. वेळ असेल तर मोठीच करा.

बॉगी होलची वाट हर्मन्सबर्गहून दक्षिणेला थेट नदीपात्रात उतरते. नकाशावर अंतर थोडं दिसतं, पण दोन-तीन तास धरून चाला. मऊ वाळू, मधेच गोट्यांचे पट्टे, पुन्हा वाळू. इथे हवा 16-18 पीएसआयवर आणावी लागते. टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो, भार पसरतो आणि चाक रुतत नाही. एवढ्या कमी हवेवर जोरात वळण घेतलं तर टायर रिमवरून निसटतो, म्हणून वेग ताशी 30 किलोमीटरच्या आत. गोट्यांचा पट्टा आला की अजून हळू. वाळूत थांबायचं झालं तर ब्रेक दाबू नका, गाडी आपोआप थांबू द्या. ब्रेकने चाकापुढे वाळूचा ढीग होतो आणि निघताना तोच आडवा येतो. चाक जागेवर फिरायला लागलं की लगेच पाय काढा. आणखी पाच सेकंद रेस दिली की गाडी पोटावर बसते. मग फावड्याने पोटाखालची वाळू काढा, हवा 14वर आणा, रिकव्हरी बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खाचदार फळ्या) चाकाखाली सरकवा आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे निघा.

ओढून काढायची वेळ आली तर पट्टा टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीही अडकवू नका. बॉल तुटला तर गोळीसारखा सुटतो. माणसं गेली आहेत. त्यासाठी चासिसला बसवलेले रिकव्हरी पॉइंट असतात, भाड्याची गाडी ताब्यात घेतानाच ते शोधून ठेवा. करारही नीट वाचा: गाडीच्या पोटाचं आणि पाण्यातलं नुकसान बहुतेक वेळा विम्याबाहेर असतं.

पाम व्हॅलीच्या कॅम्पग्राऊंडवर संडास आणि शॉवर आहेत. बॉगी होलला कायम टिकणारा डोह आहे, बाकी काही नाही. एकटी गाडी असेल तर पाम व्हॅलीच निवडा, यात दुमत नको. बॉगी होलला किमान दोन गाड्या, सॅटेलाइट फोन किंवा पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत इशारा पाठवणारं छोटं यंत्र) आणि माणशी दिवसाला 5-6 लिटरशिवाय दोन दिवसांचं जादा पाणी हवं. मोबाइलला रेंज नसते. डिझेल हर्मन्सबर्गला भरून घ्या. मऊ वाळूत खप दीडपटीवर सहज जातो.

दोन्हींसाठी मोसम एप्रिल ते सप्टेंबर. जून-जुलैच्या रात्री पारा शून्याखाली उतरतो, तिथल्या उन्हाळ्यात (डिसेंबर-फेब्रुवारी) दिवसा चाळिशी ओलांडतो. पाऊस दूर डोंगरात पडला तरी पात्र वाहू लागतं. तेव्हा पलीकडे अडकलात तर पाणी ओसरेपर्यंत थांबणे हाच उपाय. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी नॉर्दर्न टेरिटरीच्या पार्क खात्याच्या संकेतस्थळावर वाट उघडी आहे का ते पाहा, विशेषतः बॉगी होलची. बाहेरच्या राज्यातून किंवा परदेशातून येणाऱ्यांना 2023 पासून पार्क पास लागतो, आणि कॅम्पिंगचं बुकिंग आधीच ऑनलाइन करावं लागतं. पुढे मेरीनी लूप या रस्त्याने किंग्ज कॅनियन ही दरी गाठायची असेल तर वेगळं परमिट घ्या. फक्त पाम व्हॅलीसाठी ते लागत नाही.

गाडी चालवायचीच नसेल तर ॲलिसहून गाइडसह सहल निघते. झाडं तीच दिसतात, पण निवांतपणा कमी.

आणि 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर विसरू नका. परतताना डांबर लागलं की कमी हवेच्या टायरवर 80चा वेग धरला तर टायर आतून तापून फाटतो. चारही टायर भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतील, तेवढी काढाच.